अतिक्रमण करणाऱ्याचं नाव

"आधी आपलं मोज," आबाराव म्हणाला. "मग बाकीच्यांचं."

त्याच्या पोरीच्या, संघप्रियाच्या अंगात हिरवं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. वैशाखाचं ऊन सकाळी आठलाच डोक्यावर आलं होतं आणि जाकीट म्हणजे नुसती गोधडी. पण काढायची सोय नव्हती, फोटोत जाकीट दिसलं पाहिजे असा वरनं हुकूम होता. सरकारनं तालुक्यातल्या चाळीस पोरापोरींना हरित सेवक केलं होतं, अकरा महिन्यांसाठी. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते मोजा, मागल्या साली लावलेली रोपं किती जगली ते मोजा, शाळेत जाऊन पोरांना चार शब्द सांगा. आणि आता हे नवीन: पावसाळ्यात झाडं लावायला गायरानं मोजा. मोबाइल हातात धरून कडेनं चालत जायचं, मोबाइल रेघ ओढत येतो, निघालो तिथं परत पोचलो की जागा मोजून झाली.

"दादा, मला सगळ्या गायरानाची हद्द धरायचीय. पुरी."

"धर की पुरी. कोण नको म्हणायलंय? पर आपली चार एकर आतनं येगळी काढ. निघत्यात का न्हाय तुझ्या डबड्यात?"

"निघत्यात."

"मग काढ. आन नीट काढ."

आता आबारावला मोजणीची एवढी हौस का, ते सांगायला पाहिजे. ही चार एकर त्याच्या बापानं, दगडोबानं, बहात्तरच्या दुष्काळानंतर फोडलेली. माळ होता नुसता. दगडोबानं आणि त्याच्या बायकोनं तीन उन्हाळे दगड येचले, डोक्यावर वाहून कडेला रचले, तेव्हा कुठं नांगर घुसला. तेव्हापासून बौद्धवस्तीतली सात घरं या गायरानावर पोट भरतात. पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. किती मोर्चे झाले, किती अर्ज दिले, सरकारचं माणूस काही बांधावर आलं नाही. आणि आज आलं होतं ते त्याच्या पोटची पोरगी होऊन! गळ्यात सरकारी पट्टा घालून! मग त्यानं आधी आपलं मोज म्हणू नये तर काय? बाकीची सहा घरं उसाच्या टोळीवरून नुकती परतलेली, अंग टाकून पडलेली. "सवडीनं बघू" म्हणाली.

आबारावनं मात्र धुतलेला सदरा घातला होता. तो पुढं आणि संघप्रिया मागं. प्रत्येक दगडाशी थांबायचा, पायानं माती सारायचा. "हितनं. आडवी जाऊ नको, हितनं वळ." उत्तरेच्या कोपऱ्याला बिराप्पा मेंढरं घेऊन उभा होता. उरलेल्या गायरानावर त्याची मेंढरं चरायची.

"आबाराव, हात दीड हात माझ्याकडं सरकायलास बरं का," बिराप्पा म्हणाला.

"तुझ्याकडं म्हंजी? तुझं कवापासून झालं?"

"तुझं कवापासून झालं, ते आधी सांग की!"

दोघं हसले. पण आबारावनं पोरीला मागं फिरवलं आणि तो कोपरा पुन्हा चालायला लावला. दीड हाताचा सुद्धा बट्टा नको होता त्याला. रेघेला रेघ मिळाली तेव्हा संघप्रियाची मान घामानं चिंब झाली होती.

मग ॲपनं विचारलं: सध्याचा वापर. खाली नावं होती. वन, पाणी, बांधकाम, उभं पीक, रिकामी.

"दादा, पीक न्हाय ना आत्ता?"

"वैशाखात कुठं पीक असतंय गं? येडी हायस का?"

खरंच होतं की. रान नांगरून तापायला सोडलेलं. वैशाखात पाटलाचं रान बघा नाहीतर गायरान बघा, सगळं सारखंच उघडं. तिनं 'रिकामी' दाबलं. बापाला ढेकळांत उभं करून फोटो काढला. आबाराव हात खाली ताठ सोडून, श्वास धरून उभा राहिला. चूक झाली ती इथंच, बापलेकीनं मिळून केली आणि दोघंही खुशीत घरी आले. त्या दिवशी आबारावनं तेरखेड्याहून पावशेर बालूशाही आणली आणि वस्तीत एकेक तुकडा वाटला.

*

मृग बरसला. सोमवारी संघप्रिया आणि तिची माय सरुबाई रानात तुरीची धसकटं येचत होत्या. जूनमधल्या पावसानं माती मऊ झाली की हे काम उरकावं लागतं, नाहीतर तिफण चालताना फणात धसकट अडकतं आणि बी एका जागी सांडतं. फोन वाजला. समन्वयक रणधीर सर.

"अभिनंदन, संघप्रिया! पहिल्या यादीत तुझी जागा आली."

"कुठली जागा, सर?"

"चार एकरवाली. गायरानातली. अगं, सगळ्यांच्या रेघा वाकड्यातिकड्या. उत्कर्षनं तर हद्दीत विहीर घेतली आणि महादेवाचं देऊळ पण घेतलं. तुझी रेघ बघून साहेब म्हणाले, इथूनच सुरुवात करू. गुरुवारी सेवक घेऊन येतो, खड्डे मारू. चार एकरात सोळाशे रोपं बसतात."

तिच्या तोंडातून "हो सर" गेलं. सवयीनं गेलं. फोन ठेवला तेव्हा पायाखालचं रान आपलं आहे की नाही तेच तिला कळेना.

"कुणाचा गं?" सरुबाईनं विचारलं.

"ऑफिसचा."

"मग अशी का उभी राहिलीस? वाक."

ती वाकली. येचलेली ओळ तिनं पुन्हा येचली. सरुबाई बघत होती. त्या दिवशी संघप्रिया घरी आली, पाणी भरलं, भाकरी थापल्या, दोन करपवल्या. दारात आबाराव तिफण जोडत बसला होता. फणाला पाचर मारायची, नळे साफ करायचे, वरचं चाडं, म्हणजे ज्यात बी सोडतात ती लाकडी वाटी, तेल लावून ठेवायचं. "बुधवारी पाऊस न्हाय आला तर गुरुवारी घालू पेरा," तो कुणालाच न विचारता म्हणाला. "बिराप्पाचा बैल सांगून ठिवलाय."

गुरुवार! संघप्रिया उठली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. घर तरी केवढं? दोन खोल्यांचं. जायला जागा नव्हती.

मंगळवारी दुपारी जेवताना तिनं सांगून टाकलं. सगळं, एका दमात, ताटाकडं बघत. सरुबाईचा हात कोरड्यासाच्या पातेल्यातच राहिला.

"म्हंजी झाडं? आपल्या रानात?" ती म्हणाली. "आन आमी काय पाला खायचा का?"

"माय, मला ठावं न्हवतं..."

"तुला ठावं न्हवतं! पंधरा वर्सं शाळा शिकलीस आन रिकामी आन भरल्याली कळंना? म्या तेरखेड्याला फटाक्याच्या कामावर हात काळं करून घेतलं तुझ्या शिक्षणापायी, ते ह्याच्यासाठी का गं?"

आबारावनं मान खाली घालून घास मोडला. ताट पुरं केलं, बोटं चाटली, हात धुतला. तो ओरडला असता तर संघप्रियाला बरं वाटलं असतं. तो पुन्हा तिफणीजवळ बसला. थोड्या वेळानं तिनं पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला तर वर न बघता म्हणाला, "राहू द्या, मॅडम."

एवढंच. पण पोरीचं काळीज चिरत गेलं. रानात, बाजारात, वस्तीत तो तिला हौसेनं मॅडम म्हणायचाच, चारचौघांत मिरवायचा. आज घरात म्हणाला आणि अहो-जाहो केलं. ती मागल्या दारी गेली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

*

बुधवारी पहिल्या एसटीनं तिनं तालुका गाठला. रणधीर सरांचं ऑफिस म्हणजे एका सरकारी इमारतीतली मागची खोली. एक टेबल, एक कूलर, भिंतीला टेकवलेली पन्नास कुदळी-फावडी. रणधीर वाईट माणूस नव्हता. तोही करारावरचाच, त्यालाही रोज वरून दोनदा फोन यायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आधी का नाही सांगितलंस? भरलेली माहिती मागं घेता येत नाही. यादी मुंबईला गेली."

"मग काय करायचं, सर?"

"एकच वाट आहे. जागा अयोग्य म्हणून नोंद करायची. कारणं तीन." त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. खडक. पाणथळ. अतिक्रमण. "खडक टाक. कुठल्याही माळावरचा एक फोटो काढ, मी आजच्या आज मंजूर करतो. विषय संपला. तुझी जमीन पण राहील, तुझं काम पण राहील."

"आणि अतिक्रमण टाकलं तर?"

"तो शब्द काढू नको. अतिक्रमण टाकलं की जागा तहसिलीत जाते. सुनावणी होईपर्यंत तिथं कुणी हात लावत नाही हे खरं, पण तुझ्या वडलांना नोटीस निघेल. आणि तू हमीपत्रावर सही केलीयस, सेवकाचं स्वतःचं सरकारी जागेवर अतिक्रमण नाही म्हणून. विसरलीस?"

ती विसरली होती. त्या दिवशी अकरा कागदांवर सह्या केल्या होत्या, कोण वाचत बसतं?

परतीच्या गाडीत तिच्या जिवात जीव आला. खडक! किती सोपं. बिराप्पाच्या मेंढरांच्या माळावर फोटोला हवे तेवढे खडक. एसटी थांबते न थांबते तोच तिनं उडी मारली आणि चिखल तुडवत थेट रान गाठलं. आबाराव बांधावर बसून बियाण्याला औषध चोळत होता, सरुबाई सोयाबीनचं पोतं धरून होती. तिनं सांगितलं तशी सरुबाईनं हात जोडले, "झालं बाई एकदाचं!"

आबाराव चोळत राहिला. मग म्हणाला, "काय लिवणार म्हणलीस?"

"खडक."

"हितं खडक हाय?"

"दादा, नुसतं लिवायचं. मोबाइलात."

"कडंला रचल्यालं दिसतंय का तुला?" त्यानं बांधाकडं हात केला. छातीएवढी दगडांची ताल होती, लांबच लांब. "माझ्या मायनं सातव्या महिन्यात डोक्यावर दगड वाहिलं. आन तिची नात सरकारला लिवून देणार, हितं खडक हाय म्हणून? उद्या कवा जिमिनी नावावर करायची येळ आली तर सरकार काय म्हणंल? म्हणंल, आबाराव, आमच्या दप्तरी हितं खडक हाय, तू काय खडकावर सोयाबीन घ्यायलास व्हय रं?"

संघप्रियानं त्या तालीकडं बघितलं. तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तिला फक्त उद्याचा गुरुवार दिसत होता.

"अवं, पर उद्या खड्डं मारत्याल त्यांनी!" सरुबाई म्हणाली. "आज वाचलं तर उद्या नावावर हुईल ना?" मग पोरीकडं वळली. "तिसरं काय म्हणलीस?"

"अतिक्रमण. पण ते दादांच्या नावानं तक्रार केल्यावानी हुतं, माय. नोटीस येती. काढून घेत्याल एखांद्या वेळी."

आबाराव हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "माझ्या बाला एकदा दंड झाल्ता. पटवारी आल्ता घोड्यावरनं का सायकलीवरनं. गायरान नांगरलं म्हणून सव्वादोन रुपय दंड. बानं उसनं आणून भरलं आन पावती घिऊन गावात गूळ वाटला. लोक म्हणले, दगड्या, येडा झालास का, दंड झाला म्हणून गूळ वाटायलास? तर म्हणला, सरकारनं दंड केला म्हंजी सरकारनं मला बगितलं." तो थांबला. "ती पावती मोर्च्याच्या टायमाला एका पुढाऱ्याला दिली. पुना काय दिसली न्हाय. कागूद म्हणून तेवढाच व्हता आपल्याकडं."

"दादा, काढून घेतलं तर?"

"काढायचं म्हणलं तरी आधी लिवावं लागंल का न्हाय, की हितं आबाराव कसत व्हता? ते लिवू दे त्यास्नी. लई वर्सं वाट बगितली." त्यानं हातातलं बी पोत्यात सोडलं. "टाक अतिक्रमण. माझं नाव पुरं टाक. बापासकट."

"आन तिचं काम?" सरुबाईनं विचारलं.

आबारावनं पुन्हा मूठभर बी घेतलं आणि चोळायला लागला.

"जाईना का," संघप्रिया म्हणाली. म्हणाली खरी, पण तिचा हात जाकिटाच्या चेनशी चाळा करत होता. खरं सांगायचं तर तिला ते काम हवं होतं. लग्नाच्या गोष्टी त्या कामामुळं थांबल्या होत्या. रणधीर सरांनी एकदा म्हटलं होतं, अकरा महिने नीट केलंस तर तालुक्याला कायमची घेतील. ते तिला रोज आठवायचं.

*

गुरुवारी दिवस उगवायला तिफण चालू झाली. बैलांमागं आबाराव, त्याच्यामागं चाड्यावर मूठ धरून सरुबाई. मूठ सारखी सुटली पाहिजे, घाई झाली की बी दाट पडतं, मन दुसरीकडं गेलं की ओळ रिकामी जाते. सरुबाईचं मन आज ठिकाणावर नव्हतं, दोनदा आबाराव मागं वळून खेकसला.

आठ वाजता टेम्पो आला. हिरव्या जाकिटांची पंचवीस पोरंपोरी खांद्यावर कुदळी घेऊन उतरली. पुढं उत्कर्ष, शेजारच्या गावच्या बागायतदाराचा मुलगा. त्याला हे काम हौसेचं, फोटोपुरतं.

"अरे, इथं तर पेरणी चालू आहे!" तो म्हणाला. "संघप्रिया, हे कोण?"

"माझे वडील," ती म्हणाली.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. रणधीर पुढं झाला, हळू आवाजात म्हणाला, "काल खडक सांगितलं होतं ना मी?"

"खडक नाहीये, सर." तिनं मोबाइल काढला. "दादा, थांबू नका. चालवत राहा."

थांबून, ताठ उभा राहून फोटो काढून घ्यायची त्याची सवय. पण तो थांबला नाही. बैल पुढं गेले, सरुबाई मागं, ओल्या मातीत तीन रेघा पडत गेल्या. तिनं फोटो काढला. अतिक्रमणाचा प्रकार: शेती. अतिक्रमण करणाऱ्याचं नाव: तिनं लिहिलं, आबाराव दगडोबा ओव्हाळ. पाठवायच्या आधी तिनं वर बघितलं. तक्रारदाराचं नाव ॲपनं आपलं आपण भरलं होतं: संघप्रिया आबाराव ओव्हाळ.

बापाचं नाव दोन्हीकडं. खाली गुन्हेगार म्हणून, वर तिच्या नावाला चिकटून. पुढं उभी पंचवीस पोरं, मागं मायचा आवाज, "हो रं, हो रं, सरळ चाल." तिनं डोळे मिटून दाबलं.

रणधीरच्या मोबाइलवर लगेच निरोप आला. जागा वादातली झाली. त्यानं कुदळी टेम्पोत टाकायला सांगितल्या.

*

आणि मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काम जाणं तर लांबच, पंधरा दिवसांनी तालुक्याच्या सभेत वरच्या साहेबांनी संघप्रियाला स्टेजवर बोलावलं. सख्ख्या बापाचं अतिक्रमण उघडकीला आणणारी सेविका म्हणून! हातात वडाचं रोप दिलं, टाळ्या झाल्या. हमीपत्राचं कुणी काढलंच नाही. अतिक्रमण बापाचं, तिचं थोडंच? उत्कर्षनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन बोटांची बातमी आली, फोटोसकट.

तालुक्याला टाळ्या आणि गावात थू थू. बिराप्पा मेंढरं थांबवून म्हणाला, "आबाराव, पोरीनंच धरून दिलं म्हण की तुला. मोजून घी आणखी नीट!" चहाच्या हॉटेलात आबाराव आत शिरला की बोलणं बंद व्हायचं. कुणाकुणाला समजावून सांगणार, की मीच टाक म्हणालो म्हणून? दोघातिघांना सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे, असू दे, पोटची पोर हाय, झाकावंच लागतंय." त्यानं हॉटेलात जाणं सोडलं. वस्तीतल्या बाया सरुबाईशी नळावर बोलेनात. उरलेल्या सहा घरांना धसका बसला होता, आता आमचीही नावं देतीय का काय ही?

संघप्रियाला बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. सोयाबीन चांगलं उगवलं होतं, बोटभर, मग वीतभर. ती रोज जाकीट घालून दुसऱ्या गावांची रोपं मोजायला जायची, संध्याकाळी येऊन रानात कोळपं धरायची. रणधीर सर म्हणाले होते, "तुझं नाव कायमच्या यादीत पाठवलंय. सुनावणीत नीट बोल, बास." तिला आनंद झाला होता आणि आनंद झाल्याचीच लाज वाटली होती. आबाराव घरात तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. कोळपं दे. वैरण टाक. रागावला होता म्हणावं तर टाक म्हणालेला तोच. मग काय झालं होतं त्याला? ते त्यालाही सांगता आलं नसतं. पेपरातला तो फोटो कुणीतरी त्याला दाखवला होता, एवढं खरं.

*

श्रावणात सुनावणीची तारीख लागली. एकाच एसटीनं दोघं गेले. तहसिलीत एका खोलीत लांब टेबल होतं. कारकुनानं पुकारा केला, "तक्रारदार या बाजूला. अतिक्रमणधारक त्या बाजूला." संघप्रिया खिडकीकडं उभी राहिली, आबाराव दाराकडं. मधे टेबलाएवढं अंतर.

साहेब साठीला टेकलेले. कागद चाळले, फोटो बघितला, आबारावच्या पायांकडं बघितलं. त्याच्या टाचांच्या भेगांत चिखल वाळला होता. साहेबांना दया आली असावी.

"बाबा, बसा. हे बघा, फोटोत माणूस पाठमोरा आहे. तुम्हीच कशावरून? म्हणा, साहेब, तो मी नव्हेच. मी तक्रार निकाली काढतो. दंड नाही, केस नाही, घरी जा."

"तो म्याच हाय," आबाराव म्हणाला.

"अहो, ऐका तरी. असं बोललात तर कबुली होते."

"व्हय. लिवून घ्या. बैल डाव्या अंगाचा बिराप्पाचा हाय, उजवा माझा. मागं माझी बायकू हाय, सरुबाई. चार एकर. आधी बा कसायचा, मग म्या."

"किती वर्षं?"

"बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या सालापासून. एक साल सुदीक पड ठिवली न्हाय."

कारकून लिहीत गेला. साहेबांनी मान हलवली आणि खिडकीकडं वळले. "तुम्ही तक्रार दिलीत. या व्यक्तीला जमीन कसताना तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो सर."

"कधीपासून?"

नीट बोल, रणधीर सर म्हणाले होते. जूनची तारीख सांगायची आणि गप्प बसायचं. तारीख तिला पाठ होती. तिनं तोंड उघडलं. पलीकडं बाप एकटा उभा होता, सरकारनं आपल्याला बघावं म्हणून गुन्हा कबूल करत.

"लहानपणापासून," ती म्हणाली. "म्या बी व्हते संगट. धसकटं येचायचे. खुरपायचे. दहावीपासून मायला पाळीला चाडं धरू लागायचे."

कारकुनाचा पेन थांबला. साहेबांनी ओळखपत्राकडं बघितलं. "विचार करून बोला. म्हणजे तुम्हीही कसत होता, असा अर्थ होतो. सेवक म्हणून तुम्ही हमीपत्र..."

"न्हाय न्हाय साहेब!" आबाराव एकदम पुढं आला, टेबलाला धडकला. "ती न्हवती. ती शाळंत व्हती. माझी पोरगी कवा रानात आलीच न्हाय, तिला खुरपाय बी येत न्हाय! पोर हाय, काय बी बोलतीय. तिचं लिवू नका."

स्वतःसाठी खोटं बोल म्हटलं तर ऐकलं नाही आणि पोरीसाठी साहेबांसमोर खोटं बोलायला निघाला. संघप्रिया टेबलाजवळ आली.

"ते खोटं बोलायलेत साहेब," ती म्हणाली. "माझं नाव लिवा. संघप्रिया आबाराव ओव्हाळ. दहा वर्सं."

साहेबांनी तो फोटो पुन्हा एकदा बघितला. मग कारकुनाला म्हणाले, "घ्या लिहून." आबारावनं सही केली, एकेक अक्षर दाबून. त्याच्याखाली तिनं केली. पुढची तारीख दोन महिन्यांनी, सोयाबीन निघाल्यावरची.

बाहेर आल्यावर आबाराव तहसिलीच्या पायरीवरच बसला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती.

"तुझं काम गेलं की गं, प्रिया," तो म्हणाला, आणि भर दुपारी, लोकांदेखत, हुंदके देऊन रडायला लागला.

ती शेजारी बसली. पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण बापाच्या पाठीवर हात ठेवायची तिला कधी सवयच नव्हती. तिनं त्याच्या हातातली पिशवी तेवढी आपल्याकडं घेतली.

"दादा, खालच्या तुकड्यात गवत लई वर आलंय," ती म्हणाली. "उठा. दोनची गाडी धरली तर दिवस मावळूस्तवर खुरपून दोन पाती हुत्याल."